बॅटरीच्या उजेडातली विहीर

महाळुंग्यात मंजुळामावशींच्या चाळीत आमची खोली आहे. बंद पडलेले मॉनिटर दुरुस्त करायला मी मोबाईलवर बघून शिकले. नवरा म्हणतो, "आधी बिघडवतेस, मग शिकतेस." खोटं नाही.

गुरुवार होता, कंपन्यांना सुट्टी. मावशी पदराखाली एक मॉनिटर घेऊन आल्या. त्यांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या कंपनीनं तो भंगारात टाकला होता. त्यांच्या सुनेला, पूनमला, घरबसल्या टायपिंगचं काम मिळत होतं.

"चालू व्हईल का गं, अनिता?"

"नाहीच झाला तर त्यावर फुलदाणी ठेवा."

मावशी हसल्या नाहीत. पूनमच्या बाळाला सव्वा महिना उलटून गेला, तरी ते उंबऱ्याबाहेर आलं नव्हतं. त्यांच्यात बाळंतीण मळ्यातली विहीर पूजते, लेकरू विहिरीला दाखवते, मगच बाहेर पडते. आणि विहीर तर कंपनीनं बुजवलेली.

"धनेश म्हणतो, नळाची पूजा करा," मावशी मुलावर करवादल्या. "नळ काय वळखतोय लेकराला?"

मी प्लग लावला. बारका दिवा लागला, पडदा काळाच. अशा वेळी काचेवर बॅटरी तिरकी धरायची. मागचा उजेड गेला असला, तरी चित्र पुसट दिसतं.

दिसलं. जोंधळा. मोटेच्या बैलांची उतरती धाव. दगडी काठाची विहीर, काठावर चार बायका.

मॉनिटरला कॉम्प्युटरची केबल जोडलेलीच नव्हती.

मावशींनी पायातल्या चपला काढल्या. "आमचा मळा हाय ह्यो," त्या हळूच म्हणाल्या.

मी प्लग उपसला. चित्र राहिलं. मागचं झाकण उघडून मीटर लावला. शून्य. जोंधळा हलत होता. आमच्या खिडकीत वाऱ्याची झुळूकही नव्हती.

बॅटरीचा झोत एका बाईच्या तोंडावर गेला. तिनं डोळ्यांवर हात आडवा धरला.

मी बॅटरी खाली घेतली. भीतीनं नाही. देवळात शिरताना आवाज आपोआप उतरतो, तसं काहीतरी झालं.

"पूनमला बोलाव," मावशी म्हणाल्या. "लेकरासकट."

पूनम डोक्याला रुमाल बांधून आली. "काय ओ आत्या, खोक्यापुढं कशाला..." एवढं बोलली आणि तिची नजर काचेवर गेली.

मावशींनी काचेला हळद-कुंकू वाहिलं, पुढ्यात तांदूळ ठेवले. पूनमनं दुपट्यातलं बाळ पुढे धरलं.

चारी बायकांनी हात पुढे केले.

"ताई," पूनम कुजबुजली. "हलकं झालं. बाळ हलकं झालं."

कुणीच हललं नाही.

मग बाळाच्या वजनानं तिचे हात पुन्हा खाली झुकले.

काच काळी झाली. मी बॅटरी सगळीकडून फिरवली. माझंच तोंड दिसलं.

बाळ गाढ झोपलं होतं. पूनमनं घाईघाईनं दुपटं सोडलं, पायमोजे काढले.

मोजे कोरडे होते. आत, इवल्या बोटांच्या बेचक्यांत, ओली काळी माती होती.