मोटर काढू का?

जेवणाचा डबा धुऊन ठेवला आणि उत्कर्षानं कालपासून रेंगाळलेलं काम पुढं ओढलं. विश्रामबागेतल्या त्यांच्या छोट्या कंपनीचं कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांसाठी एक अ‍ॅप होतं. पाणी चढू लागलं की नदीवरच्या, पाणी उपसायच्या मोटरी काढायचा निरोप त्यावरून जायचा. शेतकऱ्यानं काही विचारलं, तर उत्तरही जायचं. आलेले निरोप क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, उभे राहत आणि पडद्यामागं चालणारा एक प्रोग्रॅम ते एकेक करून उचलत असे आणि उत्तर धाडत असे. पावसाळ्याआधी नवी आवृत्ती द्यायची होती, आणि उत्कर्षाच्या कॉम्प्युटरवर ती रांगच अडकून बसली होती. एकच निरोप उचलला जाई, एरर येई, आणि तोच पुन्हा रांगेत येऊन उभा राही.

तिनं रांग रिकामी केली. प्रोग्रॅम बंद करून चालू केला. निरोप पुन्हा हजर. शेवटी तिनं तो उघडला.

'मोटर काढू का? पाणी किती हाय? – अर्जुना'

तिनं नाव पुन्हा वाचलं. तिच्या कॉम्प्युटरवर चाचणीपुरती खोटी नावं होती. आणि अर्जुना? तो शेतकरी तर गेल्या पुरात मोटर काढायला नदीत उतरला आणि वाहून गेला. त्याची बायको सुलाबाई या ऑफिसात येऊन रडली होती. "त्यांनी इचारलं व्हतं ओ सायेब, माज्यासमोर. उत्तर आलं न्हाई, म्हून गेले बगायला." मालक शिवतेजनं तिला पाणी दिलं आणि सांगितलं, "मावशी, त्यांचा फोनच बंद होता. आमच्याकडं काही आलं नाही."

म्हणजे आलं होतं.

कुठून तरी जुना डेटा येत असेल, म्हणून उत्कर्षानं नेटची वायर उपसून काढली. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण खोलीत गाळाचा वास भरू लागला. पूर ओसरल्यावर घराघरांतून येतो, तसला ओला, कुजका वास. रांगेत नवा निरोप उभा होता.

'गुडघ्याला आलं. काय करू?'

"सर... जरा येता?"

शिवतेज आला, वाकून वाचू लागला. त्याचा चेहरा उतरला.

"हे कुणाला दाखवलंस?"

"सर, वायर काढलीय. तरी येतंय..."

"डिलीट कर."

"म्हणजे त्यांनी खरंच विचारलं होतं."

"आपला प्रोग्रॅम त्या दिवशी बंद पडला होता. मला नंतर कळलं. मग काय करू, कंपनीला कुलूप लावू?" त्यानं स्वतःच बटण दाबलं. निरोप गेला. लगेच दुसरा आला.

'कमरेला आलं.'

त्यानं पुन्हा दाबलं.

'छातीला... ओढ लय हाय...'

उत्कर्षानं त्याचा हात झिडकारला आणि लिहिलं, 'मोटर सोडा. वर या.'

एरर आली नाही. हिरवी खूण उमटली. रांग रिकामी झाली.

 उत्कर्षा म्हणाली, "मी सुलाबाईंना सांगणार."

"सांग की." शिवतेज कडवट हसला. "दाखवशील काय? उत्तर गेलं, निरोप पुसला गेला. एवढं एक उत्तर द्यायला वर्ष लागलं आपल्याला, आणि त्या उत्तरानं पुरावाही नेला."

  एक साधं उत्तर. तेवढ्यानं माणूस घरी राहिला असता.

आणि त्या रिकाम्या रांगेत एक ओळ हळूहळू उमटली.

'वर आलो ताई. पर हितं आदीच लय माणसं बसल्यात. तीबी तुमच्याच उत्तराला थांबल्यात म्हणं...'

उत्कर्षानं शिवतेजकडं पाहिलं. तो भिंतीला टेकला होता, पांढराफटक.

"सर, त्या पुरात तर अर्जुना एकटाच गेला होता ना...?"