उलटा राजा

"राजाला उलटं टांगून गळ्यात कोण घालील? हे भोक अलीकडचं आहे. नाणं बिघडलेलं. पेटीत टाका!" पारखीनं निकाल दिला आणि शलाकाचा चेहरा पडला.

पारखी म्हणजे गावच्या संग्रहालयातला, नाणी तपासणारा यंत्रमानव. भारी शिस्तीचा! शलाकाला शेताच्या बांधावर सापडलेलं रोमन नाणं, चांगलं सोन्याचं, आज काचेच्या कपाटात झळकायचं होतं. आता ते फुटक्यातुटक्यांच्या पेटीत जाणार. का, तर राजाच्या मानेखाली भोक आहे म्हणून!

"आजोबा, सांगा ना त्याला काहीतरी!" ती रडकुंडीला आली.

आजोबा अवकाशशास्त्रज्ञ. ताऱ्यांकडे निघणाऱ्या यानावर परग्रहवासीयांसाठी निरोपाची धातूची चकती बसवायची होती; तिचा आराखडा त्यांच्या मांडीवर होता. तो बाजूला ठेवून ते म्हणाले, "रडतेस काय? आधी नाणं वाच. रोमच्या सम्राटाला लांबलांबच्या प्रजेला निरोप धाडायचा असे. तेव्हा ना वर्तमानपत्र, ना रेडिओ. मग टाकसाळीत (नाणी पाडायच्या कारखान्यात) निरोप नाण्यावरच उमटवायचे. छाप्यावर राजाचा चेहरा, म्हणजे मला ओळखा. आणि काट्यावर?"

"बाई आहे! हातात शिंग, त्यातून फळं नि कणसं सांडताहेत."

"समृद्धीची देवता. म्हणजे, माझ्या राज्यात कोठारं भरलेली आहेत. ती नसली भरलेली, तरी राजा तसंच म्हणणार! असली नाणी जहाजांतून आपल्याकडे आली, मिरी नि कापडाच्या बदल्यात."

शलाकानं भोकात दोरा ओवून नाणं टांगलं. राजा खरंच खाली डोकं, वर मान! तेवढ्यात नाणं दोऱ्यावर गर्रकन फिरलं.

"अगंबाई! देवी तर सरळ उभी आहे!"

"असणारच. रोमन नाण्यांच्या दोन बाजू बरेचदा एकमेकींच्या उलट पाडलेल्या असत."

"मग घालणारीनं राजा घातलाच नव्हता, आजोबा! तिनं लक्ष्मी घातली. आईच्या पुतळीमाळेतल्या नाण्यांवर असते तशी!"

"अंदाज छान," पारखी म्हणाला. "पुरावा?"

शलाकानं जरा विचार केला. "वर्षानुवर्षं दोरा घासला असेल, तर भोकाची वरची कड झिजलेली असणार. बघ की!"

पारखीनं भिंग पुढे सरकवलं. नाणं फिरवून फिरवून त्यानं कड तपासली.

"झिजली आहे. देवीच्या डोक्यावरची, नाण्याच्या काठाकडचीच, आणि खाचेत जुनी माती बसली आहे. मी फक्त छापा पाहिला. चुकलो, शलाकाताई."

नाणं कपाटात गेलं, दोऱ्यासकट, देवी पुढे करून. शलाकाला इतका आनंद झाला की तिनं पारखीच्या थंडगार हातावर टाळी दिली.

आजोबा मात्र आपल्या आराखड्याकडे बघत बसले होते. "यावर आपण माणूस काढला, सूर्यमाला काढली. पण तिकडच्या कुणी भलतंच वाचलं तर गं?"

"वाचू द्या की! रोमच्या राजाचं आपण तरी कुठे ऐकलं?" शलाका हसली. "तुम्ही फक्त दोरा ओवायला जागा ठेवा."