मी न वाजवलेल्या चाली

मातान्सास गावाच्या चौकात दर रविवारी दुपारी आमचा बँड वाजे. काय वाजवायचं ते मी ठरवायचो. तेवढ्या अधिकारावर मी एक माणूस पुसून टाकला.

लेआंद्रो उर्रुतिया. त्याच्या चालींवर अख्खं गाव नाचायचं. माझी चाल सुरू झाली की लोक सरबत प्यायला उठायचे. पिवळ्या तापानं तो गेला, तेव्हा त्याची बायको एउफेमिया त्याच्या चालींची बाडं घेऊन माझ्याकडे आली.

"मास्तर, तुम्ही वाजवलंत तरच आता हा राहील."

मी ती कपाटात ठेवली. त्याच्याबद्दल कधी वाईट बोललो नाही, फक्त वाजवलं नाही. पहिल्या वर्षी लोक फर्माईश करायचे. दुसऱ्या वर्षी विचारायचे, "ती चाल कुणाची होती हो?" चौथ्या वर्षी कुणी काही विचारेना. मला शांत झोप लागू लागली.

मग एका रविवारी मी माझी नवी चाल काढली. बँडमधल्या अम्ब्रोसियोनं क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ती लेआंद्रोची वळणं होती. पण ही चाल त्यानं जिवंतपणी कधी केली नव्हती.

"थांब... काय वाजवतोयस?"

"तुम्ही लिहिलंय तेच, मास्तर."

कागद पाहिला. अक्षर माझंच होतं.

चाल वाजली. सरबताला कुणीही उठलं नाही. एक म्हातारा जवळ येऊन म्हणाला, "इतक्या वर्षांनी आज जमलं बघा तुम्हाला." भीतीपेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं.

बाडं उचलून मी तसाच एउफेमियाकडे गेलो. तिनं दार उघडलं. तिच्या अंगावर विधवेचे काळे कपडे नव्हते. घरात ताज्या कॉफीचा वास होता.

"वहिनी, माझं चुकलं. हे परत..."

"हळू बोला," ती कुजबुजली. "आत बसलाय तो."

आतल्या खोलीत कुणीतरी पायानं ठेका धरला होता. सावकाश, अगदी त्याच्याच लयीत.

"सकाळीच विचारत होता," ती हसून म्हणाली, "मास्तरांना नवी चाल आवडेल का...?"

बाडं उंबऱ्यावर टाकून मी पळालो.

त्या दिवसापासून मी लेखणी हातात धरलेली नाही. तरी रोज सकाळी जाग येते, तेव्हा माझ्या उजव्या हाताची तीन बोटं शाईनं ओली असतात.