अपघात : नोंद नाही

पुतणी आणि जावई जुनी गाडी घ्यायला निघाले होते. रात्री जेवणं झाल्यावर जावयानं गाडीचा रिपोर्ट मोबाइलवर काढला आणि काकांपुढे धरला. नंबर टाकला की गाडीची सगळी कुंडली निघते म्हणे. काकांनी उभा जन्म बस चालवली. त्यांनी मोबाइल हातात घेतला नाही, वाचून दाखव म्हणाले. जावयानं वाचलं. मालक दोन. कर्ज काही नाही. अपघात, नोंद नाही.

काकांनी उठून टीव्ही बंद केला. आमच्या चष्मेवाल्यानंही अगदी असंच वाचलं होतं, म्हणाले, आणि खाली बसून सांगायला लागले.

चष्मेवाला त्यांचा दोस्त. जगाला बारीक अक्षर वाचायला लावायचं, हाच धंदा. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर, आणि नंबर लागला तो शेवटच्या शिफ्टला. सुटायला रात्रीचे अकरा. भाड्याचे गाडीवाले महिनाभर आले, मग फोन उचलेनात. एक खेप चुकली की तिचे पाय सुजायचे. दोन चुकल्या की श्वास लागायचा. गाडी पाहिजेच होती, नवी झेपत नव्हती. रिपोर्ट नीट वाच, बायको म्हणाली होती. तो म्हणाला, मी आयुष्यभर दुसरं केलं काय?

पहिल्याच खेपेला, परतताना, खडीच्या खाणीचं वळण मागे पडलं आणि स्टिअरिंगपुढे तांबडा दिवा लागला. टुंग. टुंग. टुंग. मागच्या सीटवर कोणी पट्टा न लावता बसलं की लागतो तो. मागे नुसती पाण्याची बाटली होती. त्यानं ती पुढे घेतली. तरी टुंग, टुंग. शेजारी बायको ग्लानीत होती. डोळे न उघडता म्हणाली, "मागे कोण बसलंय रे?"

"कोणी नाही. मशीन आहे, बिघडलंय."

घर येईपर्यंत वाजत राहिलं. पुढच्या खेपेला तेच. तिथंच सुरू, दारात बंद.

मेकॅनिकनं अर्धा दिवस सीट उचकटून पाहिली. सगळं ठीक होतं. वजन पडल्याशिवाय हे बोंबलत नाही, म्हणाला. मग बायको बसते त्याच्या बरोबर मागचा पट्टा त्यानं ओढून दाखवला. हा एकच कोरा, बाकीचे जुने. गाडी ठोकलेली आहे. चष्मेवाल्यानं तावातावानं रिपोर्ट काढला. मेकॅनिकनं वाचला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"शेठ, इथं नोंद नाही असं लिहिलंय. अपघात नाही असं कुठं लिहिलंय? विमा मागितला नाही, पोलिसांत गेले नाहीत, मग नोंद काय आभाळातून पडणार?"

आणखी एक ओळ होती. दुसऱ्या मालकानं गाडी अकरा दिवसांत विकली होती. चष्मेवाल्यानं शोधून त्याला फोन लावला. गाडीचा नंबर सांगितला. पलीकडचा म्हणाला, "पट्टा लावायला सांगत जा... त्या दिवशी मी सांगितलं नव्हतं." फोन ठेवला. परत उचललाच नाही.

गाडी विकून टाकायची होती. पण उद्या डायलिसिस होतं, तेरवा पुन्हा होतं. आणि घाबरायलाही अंगात जोर लागतो. त्याच्या अंगात तो उरला नव्हता. खाणीचं वळण गेलं, टुंग सुरू झालं, आणि तो शाळेतल्या मास्तरसारखा कंटाळून म्हणाला, "पट्टा लाव."

मागे खट् झालं. दिवा विझला.

तेव्हापासून तेच. आठ महिने. तो म्हणायचा, मागे खट् व्हायचं, बायको झोपलेली असायची. माणसाला कशाचीही सवय होते.

मग नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. बायकोचं बीपी पार खाली गेलं. रात्री इथंच ठेवतो, घरून औषधं आणि जुनी फाइल घेऊन या, असं डॉक्टर म्हणाले. तो एकटाच निघाला. खाणीपाशी आला तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. टुंग. पट्टा लाव. खट्. नेहमीचं.

दोन मिनिटं गेली.

टुंग.

दिवा पुढचा होता. शेजारच्या सीटचा.

त्यानं पाहिलं. सीट रिकामी. बायकोची सीट. पण गादी खाली दबलेली...

टुंग. टुंग.

सवयीचा शब्द ओठांवर आला. "पट्टा ला..."

दात आवळले त्यानं. पट्टा लावायचा तो निघालेल्या माणसानं. तिला निघू द्यायचं नव्हतं.

त्यानं गाडी वळवली. तसा मागे आवाज झाला. खट्. हा पट्टा सुटल्याचा. मग मागची सीट करकरली. कोणीतरी पुढे सरकलं. त्यानं आरशात पाहिलं नाही. "ही नको," एवढंच म्हणाला. "ही..."

रस्ताभर टुंग, टुंग, टुंग.

हॉस्पिटलच्या फाटकात ते थांबलं.

वर सिस्टर घामानं भिजून उभी होती. म्हणाली, तुमचा फोनच लागेना. अकरा बेचाळीसला ठोके थांबले होते. छाती दाबून दाबून आमचे हात गेले, डॉक्टर सोडून देणार होते, आणि आत्ता, एवढ्यात, परत सुरू झाले.

तो आत गेला. बायकोचे डोळे मिटलेले होते, छाती हलत होती. सिस्टरनं तिचा गाउन खांद्यावरून सरकवला आणि विचारलं, हे आधीचं आहे का? छाती दाबल्याचे वळ मधोमध असतात. हे खांद्यावर होतं. पुढच्या बाजूला चार बोटं, पाठीकडे अंगठा. मागे बसून हात पुढे टाकून धरावं तसं. बोटं काळीनिळी उमटलेली. चष्मेवाल्यानं आपली बोटं शेजारी धरून पाहिली. ती त्याच्या निम्मीही नव्हती.

ओढत होतं की धरून ठेवलं होतं, ते त्याला अजून कळलेलं नाही. वहिनी आहेत अजून, काका म्हणाले. खांद्यावरची बोटंही तशीच आहेत.