काळ्या मण्यांचा फोटो

मेडशीच्या राजपालचं एक वागणं तुळसाबाईंना अजिबात पटलं नव्हतं. पोरगं शांतिसेनेकडून वर्षभर दक्षिण सुदानच्या लढाईत राहून आलं, अन् आणलं काय, तर तिथल्या बायाबापड्यांचे फोटो. ज्वारी पाखडणाऱ्या बाया, झाडाखालचा न्हावी, दोरीवरून उड्या मारणाऱ्या पोरी. ना बंदूक, ना स्वतःचं तोंड.

नात वैभवी मात्र त्या फोटोंवरच भुलली होती. वाशिमच्या स्टँडवर एसटीत चढताना त्याच्या हातातलं पाकीट निसटलं, फोटो वाऱ्यावर गेले, अन् हिनं ते ओढणीत गोळा केले. एकेक परत देताना विचारलं, "यात तुमी कुठी हा?"

"मी... कॅमेऱ्याच्या मागं."

"कोनी पुढं बोलावलं नाही काय?"

"आजवर तं नाही," तो म्हणाला, अन् तिच्याकडं पाहता पाहता शेवटचा फोटो घ्यायचाच विसरला. फोटोमागं त्याचा नंबर होता, तो परत करायच्या निमित्तानं फोन सुरू झाले. फोन सहा महिने चालले. फोटो हिच्या पुस्तकातच राहिला.

मग मेडशीचे लोक आसेगावला तुळसाबाईंच्या घरी सोयरीक घेऊन आले. तुळसाबाईंनी चहाआधी फोटो मागितले. त्यातल्या पाच फोटोंत तीच ती तरणी बाई, कडेवर लेकरू, अन् गळ्यात... काळ्या मण्यांची पोत.

म्हातारीचं डोकं फिरलं. तिकडं घर मांडून इकडं दुसरं मांडायला आला, असं त्या पाच माणसांत, त्याच्या मायसमोर बोलल्या. पोरानं तोंड उघडलं, तर त्याला बोलू दिलं नाही. त्याची माय डोळ्याला पदर लावून उठली. भरलेले कप तसेच राहिले.

वैभवी रडली नाही, भांडली नाही. दोन दिवस मुकाट्यानं भाकरी वाढली. तिसऱ्या दिवशी ताटाशेजारी तो राहिलेला फोटो ठेवला. बोळक्या तोंडाचा एक म्हातारा हसतोय, गळ्यात तेच काळे मणी. मांडीवर बकरीचं पिल्लू. त्याच्याही गळ्यात तेच.

"आजी, याच्यासंगबी लगीन लागलं काय त्याचं?"

तुळसाबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मान वर करावी तर समोर नात, खाली घालावी तर ते पिल्लू. जन्मात कुणापुढं न वाकलेली बाई सकाळच्या एसटीनं एकटी मेडशीला गेली.

तिथं राजपालच्या मायचे दोन्ही हात धरले. मायनं चहा ठेवला. तो त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्याला.

राजपाल पाया पडला. हळूच म्हणाला, "त्या बाईचं घर जळालं होतं, आजी. लेकरू हसत नव्हतं. फोटो दाखवला का हसे... म्हनून पाच काढले."

तुळसाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्याच्याकडं पाहिलं.

"चुकी माही हाय. पाच मानसांत बोलली, पाच मानसांतच माफी मांगीन. पन तुहीबी एक चुकी हाय, राजपाल. साऱ्या जगाले फोटोत घेतलं अन् सोता लपून राह्यला. आता काळी पोत घेऊन आसेगावले ये, कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दे, अन् माह्या नातीजवळ उभा राय."