कुंडमपलीकडची फिरकी

"सुपारीएवढ्या चाकासाठी माणूस कुंडमच्या जंगलात जाते का कुठं?"

शेजारचा दिवाकर पुटपुटला स्वतःशीच, पण त्याची सायकल प्रतिमाच्या सायकलीला इतकी खेटून चालली होती की शब्दन् शब्द तिच्या कानात पडला.

"एक नाही, दोन चाकं," ती म्हणाली. "आणि सुपारीपेक्षा मोठी आहेत."

"अच्छा! मंग तर जाते," दिवाकर म्हणाला आणि जोरानं पायडल मारू लागला.

मोहिमेचा हेतू खरोखरच एवढा होता. प्रतिमाच्या नवऱ्याच्या, शशिकांतच्या सायकलीला गियर होते. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी साहेबाकडून त्यानं ती घेतली होती, आणि जबलपूरच्या अख्ख्या अधारतालमध्ये तशी दुसरी नव्हती. मागच्या चाकापाशी जी गियरची पट्टी लोंबते, तिच्यात दोन चिमुकली दातेरी चाकं असतात. चेन त्यांच्यातून वळसा घेत जाते. दुकानदार त्यांना फिरकी म्हणत. त्या फिरक्यांचे दात झिजून सुळे झाले होते. चेन सारखी घसरायची. प्रतिमाच्या सासऱ्यांनी, विष्णुपंतांनी, पितळेच्या फिरक्या स्वतः कातून पाहिल्या. जन्म कारखान्याच्या लेथवर गेलेला माणूस! पण चेननं त्या फुटाण्यांसारख्या खाल्ल्या. मग कळलं, की त्या साहेबाचा एक सोबती कुंडमच्या पलीकडे जंगलातल्या बंगल्यात राहून जमिनीतली खनिजं शोधायचा. त्याचीही सायकल अशीच. लढाई सुरू झाली तसा तो सामान टाकून मायदेशी गेला.

आणि त्याच लढाईत, विमानहल्ल्याच्या भीतीनं खिडक्यांना काळे कागद लागलेले असताना, शशिकांत एका संध्याकाळी पाळीवर म्हणून घरून चालत निघाला. तो कारखान्यात पोचला नाही. घरीही आला नाही.

"हरवला," विष्णुपंत लोकांना सांगत. शेजारीपाजारी मान हलवत आणि दुसरा विषय काढत. लढाई थांबली, काळे कागद निघाले, थंडी पडली. "सायकलीत त्याचा जीव," विष्णुपंत म्हणत. "ती चालती झाली पाहिजे. येईन तो." प्रतिमाचा भाऊ तिला अकोल्याला बोलावून राहिला होता. तिथल्या शाळेत तिच्यासाठी मास्तरणीची जागा धरून ठेवली होती, नव्या वर्षापर्यंत. पण हरवलेल्या माणसाची बायको घर सोडून जाईल कशी? तो आला, आणि दार कोणी उघडलं नाही तर?

म्हणून सासरे, सून आणि दिवाकर अशी ही तिघं निघाली होती. झिजलेली एक फिरकी आणि चेनचा तुकडा प्रतिमानं नमुना म्हणून रुमालात बांधून घेतला होता.

कुंडमपर्यंत डांबर होतं तोवर सगळं ठीक चाललं. पुढं मुरमाड वाट सुरू झाली आणि दोन्ही बाजूंनी सालाची झाडं उभी राहिली, सरळ, उंच, एकमेकांशी न बोलणारी. पानांतून तिरपं ऊन झिरपत होतं. मधूनच मोहाच्या झाडाखाली गुरांची घंटा किणकिणायची आणि थांबायची. अशा शांततेत माणसाला स्वतःचा श्वासही परका वाटतो. प्रतिमाला या शांततेची सवय होती. तिच्या स्वैपाकघरात हल्ली हीच शांतता असायची, फक्त झाडं नव्हती.

"वहिनी, बंगल्यात काहीच नसंन तर?" दिवाकर म्हणाला. "ज्यानं सांगितलं त्यानं आपलीच फिरकी घेतली असंन तर?"

विष्णुपंत खो खो हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

इतक्यात फट्! दिवाकरच्या मागच्या चाकात काटा घुसला. दोघं पुरुष पंक्चर काढायला बसले. सूर्य कलायला लागला होता. प्रतिमाला थांबवेना.

"मामाजी, मी पुढं होते. वाट एकच आहे."

"घंटी वाजवत जाजो," विष्णुपंत म्हणाले.

वाट एकच नव्हती. वळणावर तिला फाटे फुटले, एक टेकडीवर, एक घळीत. वर दूर एक गुराखी दिसला.

"भैयाऽ! साहब का बंगला?"

वाऱ्यातून तुटक उत्तर आलं: "बंगला... खाली हैऽ!"

खाली! प्रतिमानं हँडल वळवलं आणि उताराला लागली. जबलपुरात येऊन तिला वर्षं झाली होती, बाजारात ती हिंदीत घासाघीस करायची; पण दमलेल्या माणसाचा कान माहेरीच जातो.

उतार वाढला. खडे उडू लागले. ब्रेक दाबला. लागेना! पुन्हा दाबला. सायकल सुसाट! समोर मूळ आडवं आलं, चाक उसळलं आणि प्रतिमा सायकलीसकट ओढ्याच्या काठाला जाऊन आदळली.

कोपर सोलवटलं होतं. पदर फाटला होता. रुमाल? कमरेलाच होता. तिनं मान वर केली.

ओढ्याच्या पलीकडे वारूळ उकरणारं अस्वल थांबलं होतं आणि तिच्याकडे पाहत होतं.

ते मागच्या पायांवर उभं राहिलं. काळंभोर! छातीवर पांढुरका पट्टा!  प्रतिमाचा हात चाचपत सायकलीवर गेला आणि अंगठ्याला घंटी लागली.

ट्रिंग!

अस्वलानं मान तिरपी केली.

ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग! ज्या घंटीनं अधारतालच्या रस्त्यावरची म्हैससुद्धा हलत नसे, ती ऐकून अस्वल नाक फेंदारून गुरगुरलं, वळलं आणि झाडीत दिसेनासं झालं.

प्रतिमा आधी रडली, मग हसली. मग तिनं पाहिलं, की आपण कुठून आलो ते कळत नाही. घळीत अंधारून येत होतं. सगळ्या सालाच्या झाडांचा चेहरा एकच.

"मामाजीऽ! दिवाकरभाऊऽ!"

ती ओरडली. घंटी वाजवली. चढ चढली, घसरली, पुन्हा चढली. चाकाच्या खुणा शोधल्या. मोडलेल्या फांद्या शोधल्या. कुठंतरी चूल पेटली असेल म्हणून हवेत धुराचा वास शोधला. सगळं अंग एकाच दिशेला ओढ घेत होतं: आपली माणसं कुठं आहेत? आणि मध्येच, पुढची हाक ओठांवर असताना, ती थबकली. एक विचार तिच्यासमोर येऊन उभा राहिला होता. अस्वलासारखाच, सरळ दोन पायांवर. हा मात्र घंटीनं जाणारा नव्हता.

"प्रतिमाऽ!" वरून विष्णुपंतांचा आवाज आला, चिरकलेला. "अवं पोरीऽ, कुठं आहेस?"

"इथं! मामाजी, मी इथं आहे!"

दिवाकरनं उतरून तिला हात दिला. काय झालं ते ऐकल्यावर त्यानं कपाळावर हात मारला. "अवं वहिनी, खाली म्हणजे रिकामा! बंगला रिकामा आहे म्हणून राहिला होता तो! तुम्ही काहून हिंदीचं मराठी केलं?"

बंगला टेकडीवरच होता. साहेब नसला तरी झामसिंग चौकीदार मागच्या खोलीत राहत होता. त्यानं शेकोटी पेटवली, प्रतिमाच्या कोपराला हळद लावली आणि म्हणाला, "भालू से बच गईं, दीदी, अब चाय पियो." साहेबाची सायकल गंजून गेली होती. पण सुट्या भागांचा डबा ग्रीसमध्ये बुडालेला, जसाच्या तसा! झामसिंगनं तो तिच्यापुढं सरकवला. "ले जाओ. यहाँ किसके काम का?"

डब्यात फिरक्यांच्या बऱ्याच जोड्या निघाल्या. प्रतिमानं त्या पदरानं पुसून शेकोटीच्या उजेडात मांडल्या. पहिलीचे दात जाड. चेनच्या कडीत शिरेनात. दुसरीचे शिरले, पण भोक मोठं. खिळ्यावर घालून फिरवली तर म्हाताऱ्या दातासारखी डुगडुगली. तिसरी फिरेचना. चौथी तिनं जुन्या फिरकीला पाठीला पाठ लावून पाहिली. दाताला दात मिळाला. चेनचा तुकडा वरून ओढला. चेन सरसर गेली, फिरकी गरगर फिरली, आणि थांबताना जराही डोलली नाही.

"हीच," ती म्हणाली.

"शाब्बास!" विष्णुपंतांनी ती खिळ्यासकट हातात घेतली आणि बोटानं पुन्हा पुन्हा फिरवू लागले. त्यांचे डोळे चमकत होते. "आता बसवून टाकू. तेलपाणी करून ठेवू. शशी आला की..."

दिवाकरनं चहाच्या पेल्यात मान घातली.

"मामाजी."

"हं?"

"मी आज हरवले होते ना, तर तुम्हाला हाका मारल्या. घसा फुटेस्तोवर मारल्या." प्रतिमा शेकोटीकडे पाहत होती. "हे गेले तेव्हा ट्रंकेतला स्वेटर घेऊन गेले. भर सप्टेंबरात. मला त्याच रात्री दिसलं. तुम्हालाही दिसलं असंन."

विष्णुपंतांचं बोट थांबलं. फिरकी मात्र थोडा वेळ फिरत राहिली.

"ते हरवले नाहीत, मामाजी. ते आपल्याला सोडून गेले."