मानेवरची निळी बोटं

"माफ करा... पण तुमच्या मानेला निळं लागलंय."

भैरवगढहून शहरात येणाऱ्या टांग्यात समोर बसलेला माणूस असं म्हणाला आणि माझा पाराच चढला. "लागू दे की! तुमची मान आहे का?"

"नाही. पण चार बोटं अगदी साफ उमटलीत — म्हणून म्हटलं."

मी भैरवगढला बायकांना कापडावर छापे मारायला शिकवत होते. हात दिवसभर निळीत. आणि दर थोड्या वेळाने तेच हात मानेकडे जात. तीन वर्षांपूर्वी मुंबईला माझ्या मानेतली गाठ काढली होती — कॅन्सरची. डॉक्टर म्हणाले, गेली. माझ्या बोटांना ते पटत नव्हतं.

तो श्रीकांत. सरकारी कचेरीतला कारकून, जमिनीच्या कामासाठी भैरवगढला येणारा. मग रोज त्याच टांग्यात भेटू लागला आणि रोज बोटं मोजू लागला. "आज सात! कापडापेक्षा मानच जास्त छापली की!"

मला हसू यायचं, रागही यायचा. एकदा त्या रागाच्या भरात सगळं सांगून टाकलं. वाटलं, उद्यापासून दुसरा टांगा धरेल. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासाठी जागा धरून बसला होता... आणि मोजणं त्याने बंद केलं.

छप्पन्नचा ऑक्टोबर होता. एक नोव्हेंबरला आमचं मध्यभारत राज्य नव्या मध्यप्रदेशात जाणार, आणि श्रीकांतची कचेरी भोपाळला. चार दिवस उरले असताना माझ्या बोटाखाली काहीतरी लागलं. छोटंसं, टणक. टांग्यात बसताच श्रीकांतला सांगितलं.

"चला, आत्ताच्या आत्ता," म्हणत त्याने टांगा शहरातल्या फ्रीगंज भागात डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरांनी मान तपासली, मग माझी निळी बोटं पाहिली. "बेटी, दबा-दबाकर तूने खुद सुजाया है. गांठ नहीं है. तीन महीने हाथ मत लगाना, फिर आना."

बाहेर आल्यावर किती हलकं वाटलं! दवाखान्याच्या दोन पायऱ्या उतरेपर्यंत टिकलं ते.

"डॉक्टर चुकले असतील तर?"

"तर तीन महिन्यांनी कळेल," श्रीकांत म्हणाला. मग घुटमळला. "अहल्या... माझ्याबरोबर भोपाळला चला. म्हणजे — लग्न करून."

"आणि ती गाठ परत आली तर? दया करायची हौस आहे का तुम्हाला?"

"इतक्या भांडखोर बाईवर कोण दया करतं? आली तर काय होईल, मला नाही माहीत. मलाही डर वाटतो. पण तुम्ही इथे, मी तिथे, आणि बैठे-बैठे पत्राची वाट बघत घाबरायचं... ते जमणार नाही मला."

आई, शेजारीपाजारी, सगळे मला 'घाबरू नकोस' म्हणायचे. 'मलाही डर वाटतो' असं कुणी म्हणालं नव्हतं. हा माणूस मला आवडतो, भलताच आवडतो, हे मला तिथेच कळलं. भीती मात्र जागची हलली नाही.

"भोपाळला चांगला डॉक्टर आहे का, आधी बघा," मी म्हटलं. "तीन महिन्यांतून एक दिवस त्याचा."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे दिवस मी घाबरणारच आहे. पण... तुमच्याजवळ."